टोपणनावाची शिस्त

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उतरत असतो, तेव्हा रेडिओवर त्याला कुणी त्याच्या नावाने हाक मारत नाही. ‘व्हीटी’ने सुरू होणारी विमानाची नोंदणी हीच तेवढ्यापुरती त्याची ओळख. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी उभारलेल्या या विमानतळावर आज वैमानिक घडवणारी संस्था आहे. बारावी उरकून आलेली मुले-मुली तिथे उडायला शिकतात. हेडफोन चढला की त्यांची बोलण्याची तऱ्हाच बदलते. वाक्ये तुटक, सूर सपाट. टॉवरने दिलेली सूचना आधी परत म्हणून दाखवायची, मगच पुढची हालचाल. छातीत धडधडत असले तरी आवाजात ते येऊ द्यायचे नाही, हे त्या ओळखीबरोबरच अंगात भिनते.

जवळपास याच वयाची हजारो मुले रात्री मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम उघडतात. तिथेही खरे नाव नसतेच. चौघांचा स्क्वॉड, म्हणजे संघ, जमतो, त्यातले दोघे-तिघे अनोळखी. एखादा गोळी लागून नॉक होतो, पुन्हा उभे करण्यासाठी ‘रिव्हाइव्ह दे ना भाऊ’ म्हणत सरपटत असतो, आणि कानात येते ती आई-बहिणीवरून शिवी. घरी मान खाली घालून बोलणारा मुलगाच ती देत असतो. असे का होते, याचे ठरलेले उत्तर म्हणजे नाव लपले की माणूस मोकाट सुटतो. मला ते पटत नाही. नाव बिरसीच्या रेडिओवरही लपलेलेच असते.

२००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आभासी जगात काहींना उंच शरीर दिले, काहींना बुटके, आणि पैशांची वाटणी करायला लावली. उंच झालेले जास्त ताठर वागले. बुटके झालेल्यांनी अन्यायकारक वाटणीही जास्त वेळा मुकाट्याने मान्य केली. पुढच्या एका प्रयोगात हा परिणाम आभासी जगातून बाहेर आल्यावरही, समोरासमोरच्या वाटाघाटीत, काही काळ टिकलेला दिसला. या प्रयोगांत रूप माणसाने निवडलेले नव्हते, त्याला नेमून दिलेले होते. तरी वागणूक बदलली. मग जे रूप मुलगा स्वतः निवडतो, नाव घासूनपुसून ठरवतो, पोशाखासाठी पैसे मोजतो, ते त्याला किती ओढत असेल! ‘तो फक्त गेम आहे’ हे वाक्य म्हणूनच मला बेजबाबदार वाटते.

पण ओढ कुठल्या दिशेची, हे रूप एकटे ठरवत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे गोंदियाच्याच या पूर्व विदर्भात, हे कुणालाही सांगावे लागणार नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. खलनायक करणारा नट रात्रभर गाव डोक्यावर घेतो, प्रेक्षक त्याचा मनापासून तिरस्कार करतात. दंडार या इथल्या लोकनाट्यात पुरुष लुगडे नेसून बाई होत आले, आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही. रूप पूर्ण अंगात येते, तरी ते मंचाच्या कडेपाशी थांबते. कारण समोरच्या माणसांना ही कड ठाऊक असते आणि उद्या याच माणसांत वावरायचे असते. रेडिओवर हेच काम टॉवर करतो. तिथले बोलणे ध्वनिमुद्रित होते, आणि कोणत्या वेळी कोणते विमान कुणाच्या हाती होते याची नोंद असते. गेममध्ये सामना संपला की चौघे चार दिशांना पांगतात. शिवी सहसा कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

यावर सगळ्यांना खऱ्या नावाने खेळायला लावा, असा उपाय सुचवला जातो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खरी ओळख पटवण्याची सक्ती केली. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या कंपनीनेही आपल्या चर्चामंचावर खरी नावे दाखवायचे जाहीर केले आणि खेळाडूंचा संताप पाहून काही दिवसांतच माघार घेतली. तो संताप रास्त होता. माइक सुरू केला आणि आवाज मुलीचा निघाला की काय ऐकावे लागते, हे खेळणाऱ्या मुलींना विचारा. कित्येक जणी म्हणून माइक बंदच ठेवतात, मुलाचे नाव घेतात. त्यांचे हे कवच काढून घेणारा उपाय मला नको आहे.

टोपणनाव राहू द्यावे, पण ते स्वस्त असू नये. आज रीनेम कार्ड वापरून नाव बदलता येते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर नवे खाते उघडता येते. बीजीएमआयमध्ये वागणुकीसाठी मेरिटचे गुण आहेत. सोबत्याला मारले, सामना अर्धवट सोडला तर ते कमी होतात. म्हणजे हिशेब ठेवण्याची सोय कंपनीकडे आहे. मग सोबत्याच्या आईबहिणीचा उद्धार करणे हे त्याच्यावर गोळी झाडण्याइतकेच महाग का नसावे? नाव बदलले तरी मागचे वागणे खात्याला चिकटून राहावे. आणि एकच टोपणनाव वर्षानुवर्षे नीट सांभाळणाऱ्याला, खेळाडू सामन्याआधी जमतात त्या लॉबीत, त्याचा मान मिळावा, भारी पोशाख विकत घेणाऱ्याला मिळतो त्याहून जास्त.