जगाचा अभ्यास आणि एकच माप



बारावी पास झालेली मुलगी घरी सांगते, "बाबा, मला आंतरराष्ट्रीय अभ्यास हा विषय घेऊन पुढे शिकायचे आहे." बाप विचारतो, "हे शिकून काय होणार? पोटाला काय मिळणार?" आई म्हणते, "आपल्या वस्तीचे प्रश्न सुटत नाहीत, आणि ही निघाली जगाचे सोडवायला!"

या आईबापांना हसू नका. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पोटाची चिंता वाहिली, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. परंतु त्यांच्या प्रश्नाच्या आत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. जगाचे ज्ञान मिळवावयाचे ते कशासाठी? हा प्रश्न नीतीचा आहे, आणि ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्या कुटुंबांनी तो टाळता कामा नये.

प्रथम हा विषय काय आहे ते पाहू. राष्ट्राराष्ट्रांतील संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार आणि कर्ज, युद्ध आणि तह, निर्वासितांचे हाल, एखाद्या प्रदेशाचा इतिहास आणि तेथील भाषा, असे या अभ्यासाचे स्वरूप असते. आपल्या देशात 1955 साली दिल्लीला त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि 1970 साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली.

या विषयाचा जन्म कसा झाला, हेही समजून घेण्यासारखे आहे. वेल्समध्ये ॲबरिस्टविथ नावाचे गाव आहे. तेथील कॉलेजचे अनेक विद्यार्थी पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणी यांनी देणगी दिली, आणि 1919 साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन तेथे स्थापन झाले. तरुण पोरे मेली ती का मेली, पुन्हा मरू नयेत म्हणून काय करावे, हा त्यामागचा विचार. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते, हे ज्यांनी धम्मात ऐकले आहे त्यांना हा विचार परका वाटणार नाही.

परंतु याच विद्येची दुसरीही बाजू आहे. लंडनमध्ये 1916 साली पौर्वात्य भाषा व संस्कृती शिकविणारी संस्था स्थापन झाली, तेव्हा साम्राज्याचा कारभार पाहणारे अधिकारी तयार करणे हा तिचा एक मोठा हेतू होता. रशियाने 1957 साली आकाशात पहिला उपग्रह सोडला. त्याच्या धक्क्याने अमेरिकेने 1958 साली राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा केला आणि परक्या भाषा व परके प्रदेश यांच्या अभ्यासासाठी विद्यापीठांना पैसा दिला. पुस्तके तीच, नकाशे तेच. एकाने ती दुःखापोटी उघडली, दुसऱ्याने सत्तेच्या तृष्णेपोटी.

मग चांगले आणि वाईट कसे ओळखावे? भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले, हे खरे. पण आपली चेतना शुद्ध आहे असे प्रत्येकच जण म्हणतो. साम्राज्यवालेही म्हणत होते की आम्ही तुमच्या कल्याणासाठी आलो आहोत. म्हणून चेतनेची परीक्षा घेणारी एखादी कसोटी हवी. मला ती कसोटी एका शब्दात सांगता येते: माप. जगाचा अभ्यास करणारा माणूस स्वतःच्या माणसांना आणि परक्यांना एकच माप लावतो की नाही, ते पाहा.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असे अनेक विषय अभ्यासले. त्या सर्व विद्येचा प्रकाश त्यांनी कोठे टाकला? 9 मे 1916 रोजी तेथील चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातील जातींच्या उत्पत्तीवर. जग पाहावयास गेलेल्या माणसाने आपल्या घरातील अंधाराकडे पाठ फिरविली नाही. आणि घराच्या दुःखात बुडून जगही विसरला नाही. 1946 साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डु बॉईस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीय लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करीत आहेत, त्याच्या प्रती त्यांनी मागविल्या. तुमचे आणि आमचे दुःख एका मापाने मोजता येते, हा त्या पत्राचा अर्थ.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकावयास पाठविणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. 2022 साली तिच्या नियमांत अशी अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतातील समाजाचा अभ्यास असे विषय तिच्यात बसणार नाहीत. म्हणजे जग पाहा, पण आरसा घरी ठेवून जा! बाबासाहेबांचा 1916 चा विषय या नियमात बसला असता काय, याचा विचार तुम्हीच करा.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता अवघड भाग येतो.

समजा, तुमची मुलगी हा अभ्यास करून दोन वर्षांनी घरी येते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. जेवताना ती म्हणते, "बाबा, म्यानमारमध्ये 2017 साली सैन्याच्या अत्याचारामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक घरदार सोडून बांगलादेशात पळाले. आणि चीवर घातलेले काही भिक्षूही त्या लोकांविरुद्ध द्वेष पसरवीत होते." म्यानमार म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश. 1954 साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी जेथे गेले तो देश. बापाचा घास हातातच राहतो. तो रागाने म्हणतो, "आपल्याच धम्माची निंदा करायला शिकलीस काय? विरोधकांच्या हाती कोलीत देतेस?"

बापाच्या रागाचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्याला आयुष्यभर हिणवले गेले, त्याला नुकताच एक स्वाभिमानाचा आधार मिळालेला असतो. त्यावर कोणी बोट ठेवले की जीव कासावीस होतो. परंतु, बंधूंनो, जरा थांबून विचार करा. अमेरिकेत गेलेल्या सवर्णांनी जात बरोबर नेली, तेव्हा आपल्याच माणसांनी तेथे आवाज उठविला. त्यातून ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने 2022 साली भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख केला. तेव्हाही समोरचे म्हणतच होते की ही आमच्या धर्माची निंदा आहे. आपण काय उत्तर दिले? माणसाचा अपमान कोणीही केला तरी तो अपमानच, हेच ना? ते माप आपण ब्रह्मदेशाच्या वेशीवर टाकून दिले, तर आपल्या गावच्या वेशीवर ते कोणत्या तोंडाने मागणार?

मुलीने धम्माची निंदा केलेली नाही. तिने धम्माच्या मापाने माणसांचे वर्तन मोजले. त्याच देशात 2007 साली हजारो भिक्षू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि सत्ताधाऱ्यांचे दान नाकारण्यासाठी त्यांनी भिक्षापात्रे पालथी केली, हेही ती सांगेल. एकाच चीवरातील दोन वर्तने वेगळी करावयास जी शिकविते ती प्रज्ञा. आणि पळून जाणाऱ्या परक्या बाईच्या कडेवरचे मूल पाहून जिचा जीव तुटतो ती करुणा.

तेव्हा मुलीला शिकू द्या. पोटाचा प्रश्न तिच्याशी मोकळेपणाने बोला. सम्यक आजीविका हाही धम्माचाच भाग आहे. या शिक्षणाने शिक्षिका, भाषांतरकार, पत्रकार, परराष्ट्र खात्यातील अधिकारी होता येते, पण त्यासाठी परीक्षा आणि कष्ट चुकत नाहीत. दुसरी भाषा मन लावून शिकण्यास तिला सांगा. आणि सुट्टीत घरी आली म्हणजे रविवारी विहारात तिला बोलावयास उभी करा. शाळा न पाहिलेल्या आजीला कळेल अशा मराठीत तिने जग समजावून सांगावे. तिने सांगितलेले कटू लागले तर रागावण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा: हीच गोष्ट आपल्यावर गुदरली असती, तर आपण काय म्हटले असते?

जयभीम!