खचणं मोजणारं बेट

ओसाकाच्या उपसागरात, किनाऱ्यापासून सुमारे 5 किलोमीटर आत, कान्साई विमानतळाचं बेट आहे. 1987 साली काम सुरू झालं तेव्हा तिथे 18 मीटर खोल पाणी होतं. भोवतालचे डोंगर फोडून आणलेले दगड आणि माती वर्षानुवर्षं त्या पाण्यात पडत राहिली आणि 4 सप्टेंबर 1994 रोजी विमानतळ खुला झाला. तोवर भरावाच्या ओझ्याखाली समुद्राचा तळ जवळजवळ 10 मीटर दबला होता. आज पहिलं बेट सरासरी 13 मीटरांहून अधिक खचलेलं आहे. शेजारचं दुसरं बेट, जिथली धावपट्टी 2007 मध्ये सुरू झाली, त्याहूनही खोल गेलं आहे.

‘बुडणारा विमानतळ’ म्हणून त्याची जगभर चर्चा होते. मला मात्र तो माणसाने बांधलेल्या सर्वांत प्रामाणिक वास्तूंपैकी एक वाटतो.

एवढा खटाटोप समुद्रात जाऊन करायचा कशासाठी? ओसाकाचा जुना इतामी विमानतळ दाट वस्तीने वेढलेला होता. जेट विमानं आली आणि खालच्या घरांतली झोप उडाली. 1969 मध्ये रहिवासी न्यायालयात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 1981 मध्ये त्यांना झालेल्या त्रासाची भरपाई मिळाली. रात्रंदिवस विमानं उडवायची असतील तर माणसांपासून दूर जायला हवं, हे तोवर पुरतं स्पष्ट झालं होतं. म्हणजे या बेटाच्या मुळाशी झोपेचा हक्क आहे. त्याची किंमत डोंगरांनी दिली आणि त्या उपसागरात जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांनीही.

खचण्याचं शास्त्र कार्ल तेर्त्सागी या अभियंत्याने मांडलं. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना मातीवर प्रयोग करून त्याने 1925 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दही पंचात बांधून वर वजन ठेवलं की पाणी निथळतं आणि चक्का घट्ट बसतो. ओल्या चिकणमातीचंही तसंच होतं. फरक वेळेचा. मातीची छिद्रं इतकी सूक्ष्म की पाण्याला बाहेर पडायला वर्षं, कधी शतकं लागतात. हा काळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा तेर्त्सागीच्या मांडणीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. अंतर निम्मं केलं तर वेळ चौथा हिस्सा उरतो. म्हणून कान्साईच्या तळाशी, वरच्या सुमारे 20 मीटर मऊ चिकणमातीत, वाळूचे लाखो उभे खांब रोवले. पाण्याला जवळची वाट मिळाली आणि तो थर लवकर बसला. पण त्याखाली हिमयुगांइतके जुने, चिकणमाती आणि वाळूचे एकावर एक थर शेकडो मीटर खोलवर गेलेले आहेत. तिथवर वाळूचे खांब पोचत नाहीत. ते थर आपल्या गतीने दबतात आणि अंदाजापेक्षा अधिकच दबले.

सगळं बेट एकसारखं खाली गेलं तर इमारतीला फारसा धोका नसतो. एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी खचला की काचा तडकतात, भिंती फाटतात. वास्तुविशारद रेन्झो पियानोने रचलेली इथली इमारत 1.7 किलोमीटर लांब आहे. तिच्या सुमारे 900 खांबांच्या पायथ्याशी उचलण्याची सोय मुळातच ठेवलेली आहे: जॅक लावायचा, खांब किंचित वर घ्यायचा, खाली पोलादी पट्ट्या सरकवायच्या. आराखडा कागदावर असतानाच त्यात पुढच्या दुरुस्तीची जागा आखली गेली होती. फीत कापली की काम संपलं, या समजुतीला तिथे वावच नव्हता. ठरलेल्या जागी बेटाची पातळी मोजतात आणि ते आकडे उघडपणे प्रसिद्ध करतात. आपली वास्तू दरवर्षी किती सेंटिमीटर खाली जाते हे जगाला सांगायला मोठं धैर्य लागतं.

मोजूनही समुद्र थांबत नाही. 1995 च्या जानेवारीत कोबेच्या भूकंपातून हे बेट जवळजवळ सुखरूप निभावलं. पण 4 सप्टेंबर 2018 रोजी, उद्घाटनाला बरोबर 24 वर्षं झाली त्या दिवशी, जेबी वादळाच्या लाटा संरक्षक भिंतीवरून आत आल्या. धावपट्टी पाण्याखाली गेली, तळघरातली वीजयंत्रणा बुडाली, नांगर सुटलेलं एक तेलवाहू जहाज किनाऱ्याला जोडणाऱ्या एकमेव पुलावर आदळलं आणि हजारो प्रवासी बेटावर अडकले. त्यानंतर भिंती वाढवल्या, धावपट्टी उंच केली, वीजयंत्रणेला पाण्यापासून संरक्षण दिलं. ओसाकातल्या 2025 च्या जागतिक प्रदर्शनासाठी प्रवासी इमारतीची पुनर्रचना झाली तिचे फोटो सगळीकडे छापून आले. मला भिंतीवर चढलेल्या त्या काँक्रीटचं मोल अधिक वाटतं, कारण त्याच्यामुळेच ती झगमगती दालनं कोरडी राहणार आहेत.

हे सारं आता आपल्या दाराशी आलं आहे. पालघर जिल्ह्यात, वाढवण बंदरालगत, समुद्रात भराव घालून विमानतळ उभारण्याचा विचार महाराष्ट्र सरकारने बोलून दाखवला आहे. तिथला तळ ओसाकाचा नाही आणि भरती-ओहोटीतला फरक तर कितीतरी मोठा आहे. जपानचे आकडे उचलून इथे चालणार नाहीत. पालघरच्या मच्छीमारांचा बंदरालाच विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं भराव पडण्याआधी ऐकलं जायला हवं. तरीही ते बेट झालंच, तर पहिल्या दिवशी ते पाण्यावर किती उंच असेल, याच्या जोडीला तिसाव्या वर्षी किती उंच उरेल हेही प्रकल्प अहवालात लिहिलेलं असावं. पुढच्या दुरुस्तीचा पैसा मूळ खर्चातच धरावा. आणि खचण्याची मोजणी दरवर्षी मराठीतून छापून डहाणूच्या बंदरावर लावली जावी.