पाव, चहा आणि आहारशुद्धीचा प्रश्न
सावंतवाडी तालुक्यातील इन्सुलीपासून गोव्याची हद्द जवळ आहे, आणि त्या हद्दीपलीकडे फ्रेंच धर्तीच्या उपाहारगृहात लोण्याचे पदर सुटलेला क्रुआसाँ व चहा अशी न्याहारी करणाऱ्या हिंदू प्रवाशाला आता सहसा कोणी धर्मभ्रष्ट ठरवत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र पाव ही धर्मभेदाची खूण होती. परमहंस सभा या मुंबईतील गुप्त सुधारक मंडळात येणाऱ्याला ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे, तो याच कारणाने. पुण्यात 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले, आणि रानडे व टिळक या दोघांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न आला.

आहार शुद्ध असेल तर अंतःकरण निर्मळ होते, असे छांदोग्योपनिषदाचा सातवा अध्याय सांगतो. पण आहार म्हणजे काय, यावर मतभेद आहे. रामानुजांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष मानले आहेत: पदार्थाच्या स्वभावाचा जातिदोष, देणाऱ्याकडून येणारा आश्रयदोष आणि केस-धूळ पडल्याने होणारा निमित्तदोष. आद्य शंकराचार्य मात्र आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले विषयज्ञान असा अर्थ करतात, आणि राग, द्वेष व मोह यांचा त्याला स्पर्श नसणे हीच शुद्धी मानतात. पंचहौदचा वाद आश्रयदोषाचा होता (बिस्किटात काय घातले होते, याची चौकशी त्या मानाने गौणच राहिली), तर आजचा ग्राहक अंडे आहे का एवढेच विचारतो, म्हणजे जातिदोषापाशी थांबतो. शांकरभाष्यातल्या शुद्धीशी दोघांचाही संबंध क्वचितच येतो.