चिंतन : अहिंसा आणि रस्त्यावरची घोरपड



आज ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय, आणि त्यातला एकच शब्द : अहिंसा.

हा शब्द गीतेत कुठे येतो बघा. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती... अशी मोठी यादी होते, आणि शेवटी भगवंत सांगतात, या सगळ्याला ज्ञान म्हणायचं. म्हणजे अहिंसा नुसती मनाची मऊ भावना नाही, तिची गणती ज्ञानात आहे. इतकी वर्षं वाचतोय, पण हे मला नीट कळलं ते एका घोरपडीमुळे.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने मला हत्थाजोडी दिली. शेंदूर लावलेली, लाल कापडात गुंडाळलेली, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी सुकी मुळी. देव्हाऱ्यात ठेव, भरभराट होईल, म्हणाला. मी ठेवली, रोज उदबत्तीही ओवाळली. पुढे वाचनात आलं की बाजारात या नावाने जे विकतात ते बऱ्याचदा मूळ नसतंच. नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून, वाळवून विकलेलं असतं. २०१७ साली वन्यजीव अभ्यासकांनी ऑनलाइन विक्रीचा छडा लावला, प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा हे उघड झालं. मी ती वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिली. मनाला समजावत होतो की मी काही मारलं नाही, मला माहीत नव्हतं. पण त्या घोरपडीला या दोन्हींत काय फरक?

माउली याच अध्यायात औषधांवरही बोलतात, हे आपण सहसा वाचून पुढे जातो. एक जीव वाचवायला दुसऱ्याचा घात करायचा, झाडांची मुळं खणायची, साली सोलायच्या, चालत्या-फिरत्या प्राण्यांचं पित्त काढायचं, ही कसली अहिंसा, असा त्यांचा रोख आहे. सातशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं, आणि आजही सांधेदुखीवर घोरपडीचं तेल शोधणारे लोक आहेत. खंडोबाच्या वाघ्यांची दिमडीसुद्धा पूर्वी तिच्याच चामड्याने मढवायचे. सिंहगडाच्या यशवंतीची दंतकथा तर शाळेपासून आपल्या डोक्यात आहे. ती कथा इतिहासाला धरून नाही, पण त्यातही ती बिचारी आपल्याच कामाला जुंपलेली! या प्राण्याकडून प्रत्येकाला काहीतरी हवं आहे, आणि भक्तही त्याला अपवाद नाहीत.

आता उलट बाजू. तुमच्यातले बरेच जण शनिवार-रविवारी राजगड, तोरणा, रायरेश्वर करता. नसरापूरवरून वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळवरून भोरकडे वळलं की दोन्ही बाजूला शेतं, बांध, ओढे. हा घोरपडीचाच मुलूख. ऊन पडलं की ती अंग शेकायला तापलेल्या डांबरावर येते आणि चाकाखाली सापडते. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की भाजलेली मिळते. समजा तुम्ही गाडी थांबवली. ती जिवंत आहे, पण हलत नाही. पुढे?

दया म्हणते, उचल, घरी ने, पाणी पाज, दूध दे, हळद लाव. इथेच ज्ञान लागतं. घोरपडीला दूध पचत नाही. तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. तिच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती उन्हातून घ्यावी लागते. त्यामुळे गार पडलेल्या घोरपडीला खाऊ घातलं तर ते न पचता पोटात कुजतं. आधी ऊब, मग पाणी, अन्न सगळ्यात शेवटी, हा क्रम डॉक्टरच सांभाळू शकतात. आपण एवढंच करायचं : वरून टॉवेल टाकायचा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं, सेल्फी काढायची नाही आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. पुण्यात बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. घोरपड कायद्याने वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. जखमी म्हणून उचलली तरी ४८ तासांत कळवावं लागतं, घरी ठेवता येत नाही. कुणाला हा नियम कोरडा वाटेल. मला तो माउलींच्या त्या दृष्टांताच्या जवळचा वाटतो, ज्यात आई पिलांना तोंडात धरून नेते आणि दात असूनही ते रुतत नाहीत. धरायचं, पण नेऊन पोचवण्यापुरतंच.

आणि मग ते महिने. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हाड, कातडी फार सावकाश भरून येते. जो माणूस रोज पिंजरा साफ करतो, जखम धुतो, त्याच्यावरच घोरपड फुत्कारते, शेपटीचा फटका मारते. कुत्रं बरं झालं की हात चाटतं, इथे तेही नाही. उलट ती माणसाला सरावली तर उपचारच फसले असं समजतात, कारण सरावलेली घोरपड बाहेर पहिल्याच शिकाऱ्याच्या हाती लागते. निष्काम कर्मावर आपण केवढी प्रवचनं ऐकतो! मी स्वतः अन्नदानाला गेलो तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतंय का, ते बघत असतो. घोरपडीच्या चेहऱ्यावर काय दिसणार?

बरी झाली की शक्यतो जिथे सापडली त्याच परिसरात तिला सोडतात. खोक्याचं झाकण उघडतं, ती जीभ बाहेर काढून वास घेते आणि सरळ बांधापलीकडच्या गवतात शिरते.

उद्या यादीतला पुढचा शब्द, क्षांती. राम कृष्ण हरी.