खोटें बिल आणि खरा माणूस

लोभ सुटल्यावांचून माणूस फसत नाहीं, अशी आपल्या समाजांत समजूत आहे. गुप्तधनाच्या आणि दामदुपटीच्या हकीकती ऐकतां ती खरीही वाटते. परंतु चोरीच्या एका नव्या प्रकारानें ती खोटी ठरविली आहे.

वर्धा जिल्ह्यांत नागपूर-अमरावती रस्त्यावरील तळेगांव (श्यामजी पंत) येथील एखाद्या संत्र्याच्या व्यापाऱ्याची कल्पना करावी. त्याला ईमेलनें मालवाहतुकीचें थकलेलें बिल येतें. कोणाचें देणें राहूं नये म्हणून तो सोबतची फाईल उघडतो. तिच्यांत दडलेला प्रोग्राम संगणकांत शिरतो आणि पुढें बँकेच्या खात्याचा पासवर्ड चोराला पोहोंचवितो. २०१४ सालीं आढळलेला ‘इमोटेट’ अशाच बिलांच्या वाटेनें जगभर पसरला. जानेवारी २०२१ मध्यें अनेक देशांच्या पोलिसांनीं त्याची यंत्रणा मोडली. तरी वर्षअखेरीस त्यानें पुन्हां डोकें वर काढलेंच.

येथें लोभ कोठें आहे? या गृहस्थाला कांहीं मिळवावयाचें नव्हतें, द्यावयाचें होतें. चोरानें हत्यार केलें तें त्याच्या सचोटीचें.

मग सज्जनानें संशयी व्हावें काय? तसें झाल्यास व्यापार चार दिवसही चालणार नाहीं. परंतु संशय निराळा आणि पडताळा निराळा. हुंडी पटविण्यापूर्वीं पेढीवर ती पारखून घेत. त्यांत आणणाराचा अपमान होत नसे. आपल्याजवळ आधींपासून असलेल्या नंबरावर फोन करून “हें बिल आपलेंच ना?” असें विचारणें त्याच जातीचें आहे.

तथापि पडताळा करणाराही एखादे वेळीं चुकतो. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत असाच घातक प्रोग्राम शिरला आणि सुमारें ९४ कोटी रुपये गेले. जेथें बँक नागविली जाते, तेथें एकट्या दुकानदाराला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाहीं. दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडूं नये, असा नियम रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ मध्यें केला. म्हणजे फसलेल्याचें हित लवकर बोलण्यांत आहे. आणि लोक हंसतील या भयानें तो नेमका तेव्हांच गप्प बसतो. चोर अनोळखी आणि दूरचा असतो. हंसणारे मात्र शेजारचे असतात. त्या मौनानें चोराला जो अवधि मिळतो, तो आपणच त्याला दिलेला असतो.