धरण किती?

दिवाळीच्या तोंडावर जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या बाजारात दोन भाव विचारले जातात. एक सोयाबीनचा, दुसरा धरणाचा. 'धरण किती?' एवढाच प्रश्न. कोणते, हे सांगावे लागत नाही; अकोलादेवचे जीवरेखा. उत्तर टक्क्यांत येते आणि त्यावर गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचे, हे उभ्या उभ्या ठरते.

सरकारही याच सुमारास हाच प्रश्न विचारते. 15 ऑक्टोबरचा साठा धरून रब्बी-उन्हाळ्याच्या पाण्याचे नियोजन होते, कालवा सल्लागार समिती बसते, पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज मागवले जातात. पण हे टक्के कशाचे? धरण बांधताना कागदावर मांडलेल्या साठ्याचे. दरम्यान किती पावसाळ्यांचा गाळ तळाशी बसला, याचा ताजा हिशेब बाजारात तर नसतोच, समितीच्या टेबलावरही क्वचितच असतो. आणि समजा टक्के अगदी अचूक आहेत, तरी ते कोठारातल्या धान्याचे माप झाले. पानात किती पडले, हे त्यातून कळत नाही.

पाण्याच्या कारभाराचे खरे दुखणे मला इथे दिसते. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत ओलिताच्या क्षेत्राचे प्रमाण जेमतेम 0.1 टक्का-बिंदूने वाढल्याचे निघाले आणि सत्तर हजार कोटी गेले कुठे, म्हणून महाराष्ट्र हादरला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र गाजले, जलसंपदा खात्याने श्वेतपत्रिका काढली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. पैशाचा घोटाळा सगळ्यांनी चघळला. माझ्या मते त्याहून मोठी नामुष्की दुसरीच होती. पाहणी एक आकडा सांगे, श्वेतपत्रिका दुसरा. आणि राज्य नेमके किती भिजले, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. मोजलेच नव्हते, तर सांगणार काय?

न मोजण्याला कारण आहे. 1996 ते 1998 या काळात कृष्णा खोऱ्यापासून गोदावरी मराठवाड्यापर्यंत पाच महामंडळे उभी राहिली, ती मुख्यतः पैसा उभारून धरणे पुरी करण्यासाठी. बांधकामाला निविदा असते, भूमिपूजन असते, कोनशिला असते. पाणी चालवण्याला यातले काहीच नसते. पाटकरी निवृत्त होतो आणि त्याची जागा रिकामी राहते. कालवा निरीक्षकाकडे इतके क्षेत्र असते की पाण्याची पाळी सुटल्यावर तो फक्त भांडणे मिटवत फिरतो.

एका चारीच्या मुखाशी मी उभा होतो. पाणी मोजायला सिमेंटचा अरुंद गळा बांधलेला. त्यातली उंची दाखवणारी पट्टी कुणीतरी उपटून नेलेली. दाराचे चाक गायब, म्हणून पोत्यांत माती भरून पाणी अडवलेले. बरोबरचा शेतकरी म्हणाला, "साहेब, इथं पाणी मोजत न्हाईत, पाणी पळवत्यात." त्यानेही सात नंबर भरलेला नव्हता, हे पुढे गप्पांत निघाले. कालवा वाहिला की त्याची विहीर आपोआप भरते. मग अर्ज कशाला आणि पाणीपट्टी कशाला! दोष एकट्या खात्यावर टाकून भागत नाही तो असा.

बरे, खाते तरी एक आहे का? शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेचे, त्यापुढे सहाशेपर्यंतचे मृद व जलसंधारणाचे, त्यावरचे जलसंपदेचे. पाऊस मात्र हेक्टर पाहून पडत नाही. जुलै 2019 मध्ये चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्रीत फुटले, माणसे वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडले. त्याच दिवसांत आपल्या शेजारी, भोकरदन तालुक्यात शेलूदच्या धामणा धरणाला गळती लागली आणि खालच्या गावांची झोप उडाली. देखभालीचे पैसे वेळेवर खर्च होत नाहीत, तेव्हा खेकडे उपयोगी पडतात.

कायदे नाहीत म्हणावे, तर 2005 या एका वर्षात दोन झाले: एकाने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यायचे ठरवले, दुसऱ्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण उभे केले. या दुसऱ्या कायद्यातच राज्याचा एकात्मिक जल आराखडा होता, त्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जल परिषद होती. तिची पहिली बैठक भरली 2015 मध्ये. तीही 'वाल्मी' या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतले निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, त्यानंतर. दहा वर्षे कायदा होता आणि बैठकीला मुहूर्त नव्हता.

उलट नाशिककडच्या वाघाड प्रकल्पाकडे पाहा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये, भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकापासून शेतकऱ्यांच्या संस्था बांधत नेल्या आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. पाणी मोजून घ्यायचे, मोजूनच वाटायचे, पट्टी वेळेवर भरायची. कालव्याच्या टेलचा शेतकरी एरवी शिव्या देत बसतो. तिथे तो संस्थेच्या बैठकीत बसला. हे कुठल्या जादूने झाले नाही. दाराशी कोण किती घेतो, हे सगळ्यांना दिसू लागले, एवढेच झाले.

म्हणून मला आणखी एक महामंडळ नको आणि नवा कायदाही नको. धरण बांधणारा हात आणि पाण्याचा हिशेब ठेवणारा हात वेगळे करा. प्रत्येक धरणाचा गाळ मोजून साठ्याचा आकडा दुरुस्त करा. कालव्यात सोडलेले पाणी आणि चारीच्या मुखाशी पोहोचलेले पाणी, हे दोन आकडे दर पाळीला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. दोहोंतला फरक वाचायला अभियंता लागत नाही.

खाते हे करील तेव्हा करील. यंदा रब्बीची पहिली पाळी सुटली की आपल्या चारीच्या तोंडाशी एक पट्टी आपणच उभी करावी आणि रोज सकाळी पाण्याची उंची वहीत मांडावी. समितीच्या पुढच्या बैठकीला जाताना ती वही न्यावी.