प्रस्थान

लांबच्या प्रवासाला निघायचे आहे, पंचांगातला बरा दिवस बुधवारी पडतो आणि गाडी मात्र शनिवारची आहे, अशी अडचण आली की आपले वाडवडील एक तोड काढीत. बुधवारी मुहूर्तावर प्रवाशाचे एखादे वस्त्र घ्यायचे, त्यात हळदकुंकू लावलेली सुपारी, मूठभर तांदूळ आणि एक नाणे बांधायचे, ते गाठोडे शेजाऱ्याच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायचे, आणि शनिवारी जाताना ते उचलून पुढची वाट धरायची. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. ते ठेवल्यावर माणूस आपल्याच घरी जेवतो, आपल्याच अंथरुणावर निजतो, गोठ्यातल्या गाईला चारा टाकतो, पण मुहूर्ताच्या दृष्टीने तो निघालेला असतो. काहींना ही पंचांगाला दिलेली हुलकावणी वाटते. मला मात्र वर्षानुवर्षे या रीतीकडे पाहताना असे वाटत आले आहे की निघणे आणि जाणे या दोन क्रियांच्या मध्ये एक मोकळी जागा असते आणि ती जागा पवित्र आहे, हे ज्यांना उमगले होते त्यांनीच ही रीत घालून दिली असावी.

वारीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून आणि माउलींची पालखी अष्टमीला आळंदीतून प्रस्थान ठेवते. लाखो माणसे जमलेली असतात, टाळ-मृदंगाने आसमंत भरून गेलेला असतो, आणि एवढा सोहळा करून पालखी त्या रात्री जाते कुठे, तर तुकोबांची देहूतल्याच इनामदारवाड्यात आणि माउलींची आळंदीतल्याच आजोळघरी. पंढरीची वाट दुसऱ्या दिवशी सुरू होते. प्रस्थानाच्या रात्री देव आपल्याच गावात पाहुणा म्हणून राहतो, आणि या पाहुणेपणातच प्रस्थानाचे खरे मर्म आहे, असे मला दिसते.

हे सारे आठवायचे कारण असे की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, पुसद, पांढरकवडा अशा गावांतून एम.ए., बी.एड. झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी आता विचारते, ‘सर, बाहेरदेशी इंग्रजी शिकवायला जाऊ का?’ एके काळी अशा प्रश्नाला घरातूनच हसून उत्तर मिळाले असते. आज याच यवतमाळात राजू केंद्रे यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांची वाट दाखवते आहे; जाणे आता कोणाला अचाट वाटत नाही. म्हणूनच जाण्याची नव्हे तर प्रस्थानाची चिंता करायला हवी, कारण जाणे विमान करून देते, प्रस्थान मात्र ज्याचे त्यालाच ठेवावे लागते.

गाठोड्यात काय बांधायचे, हा पहिला प्रश्न. आजच्या काळात सुपारीआधी कागद निघतात. अमरावती विद्यापीठाची पदवी मुंबईला जाते, तिथे राज्य सरकारचा शिक्का बसतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील लागते (भारत त्या हेग कराराला २००५ साली मिळाला), आणि ज्या देशाने तो करार मानलेला नाही त्याच्या दूतावासाचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. नागपूरच्या कार्यालयाचा पासपोर्ट, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, शिकवण्याचे प्रमाणपत्र हवे असेल तर सेल्टासारखा एकशेवीस तासांचा अभ्यासक्रम, हे सगळे आलेच. माणूस अजून अंगणात उभा असतो आणि त्याचे नाव, त्याची जन्मतारीख, त्याचे गुण त्याच्याआधी बाहेर पडून परक्यांच्या टेबलांवर मुक्काम करीत असतात. हे प्रस्थान ठेवणेच झाले की! आणि त्यात एक गंमत अशी की जुन्या इंग्रजी कागदांवर आपल्या गावाचे नाव ‘येओटमल’ अशा धाटणीने लिहिलेले सापडते. जन्माचे गाव कागदावर कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे हे खिडकीपलीकडचा कारकून विचारतो, तेव्हा इतकी वर्षे ज्या गावात आपण राहिलो ते गाव पहिल्यांदाच कोणी तिऱ्हाइताच्या डोळ्यांनी आपल्याला दाखवतो.

याच जागी एक इशारा द्यायला हवा. ‘पर्यटक व्हिसावर चला, तिकडे पोचल्यावर कागद बदलून घेऊ,’ असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. जो माणूस मागच्या दाराने बाहेर पडतो त्याचे प्रस्थान कुठे ठेवणार? मुहूर्त, साक्षीदार आणि शेजाऱ्याचे उघडे दार, हे तिन्ही असल्याशिवाय प्रस्थान होत नाही.

कागद झाले, आता गाठोड्यातले वस्त्र. ते वस्त्र म्हणजे भाषा, आणि इथे आपल्या माणसाला एक न्यूनगंड घेरतो. कोरियाच्या सरकारी शाळांतली इंग्रजी शिक्षकांची एपिक नावाची योजना आहे. तिच्यात इंग्रजी ज्यांची जन्मभाषा समजली जाते अशा सात देशांची नावे आहेत, आणि भारताचे नाव त्या सातांत नाही. भारत-कोरिया आर्थिक करार २०१० साली अमलात आल्यापासून शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयासाठी एक दार किलकिले झाले आहे, म्हणजे आपल्या बी.एड.ला तिथे मोल आहे. तरी मनात सल राहतोच की ज्यांची ही भाषा आहे त्यांच्या पंगतीत आपण उपरे. मी म्हणतो, उपरे आहोत हे खरे, पण उपरेपण ही शिक्षकाची उणीव नव्हे. ज्याचा इंग्रजीत जन्म झाला त्याला इंग्रजीकडे प्रस्थान ठेवावेच लागले नाही. आपल्याला लागले. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली ती २०००च्या वर्षी. त्याआधीची पिढी पाचवीत, ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ बोलणाऱ्या तोंडाने, तिच्या उंबऱ्याशी उभी राहिली. आणि झरी-जामणीकडच्या कोलाम पाड्यावरच्या मुलाचा विचार करा: घरी कोलामी, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी. त्याला मराठीकडे येतानाच एक प्रस्थान ठेवावे लागले, इंग्रजी हे त्याचे पुढचे. वाटेतला प्रत्येक खड्डा त्याच्या पायाला ठाऊक आहे.

एक खड्डा जवळून पाहू. इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’ आपल्या मुलांना आयुष्यभर छळतात, कारण मराठीत त्यांच्या जागेला तसे शब्दच नाहीत. थाई, कोरियन, जपानी या भाषांतही नाहीत, म्हणून तिथली मुलेही तिथेच अडखळतात. इंग्रजीत जन्मलेला शिक्षक सांगेल, ‘इथे हे बरोबर वाटते,’ आणि ते त्याला खरोखर वाटतेच. पण वाटण्याचे कारण त्याने कधी शोधलेले नसते. आपला शिक्षक मात्र स्वतःच्या बोलीकडे वळून पाहू शकतो. ‘गाय शोधतोय’ म्हणणारा बाजारात निघालेला असतो, त्याला कुठलीही चांगली गाय चालेल. ‘गाईला शोधतोय’ म्हणणाऱ्याची दावणीची ठराविक गाय सुटलेली असते. इंग्रजी जो भेद दोन इवल्या शब्दांनी करते तो आपण इथे एका ‘ला’ने करतो, आणि जन्मभर करीत असूनही तो आपल्याला दिसलेला नसतो. तो दिसायला घराबाहेर पडून, पण घर नजरेच्या टप्प्यात ठेवून, एक रात्र राहावे लागते. इनामदारवाड्यातून देहूचे देऊळ दिसावे तसे मराठीचे घर दिसले, की मग परक्या मुलाला त्याचे घर दाखवता येते, आणि भाषा शिकवण्याचे निम्मे काम तिथेच होऊन जाते.

आपल्या दर्शनशास्त्राने प्रस्थान या शब्दाला आणखी एक उंची दिली आहे. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि गीता यांना प्रस्थानत्रयी म्हणतात: जिथून विचार निघतो ती तीन स्थाने. लक्षात घ्या, ही सोडून जायची ठिकाणे नव्हेत. शंकराचार्य असोत वा रामानुज, प्रत्येक जण इथूनच निघाला, वेगवेगळ्या वाटांनी फार दूर गेला, आणि त्याचे भाष्य मात्र शेवटपर्यंत या स्थानांशी बोलत राहिले. माउलींनी शके १२१२मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली तेव्हाही त्यांनी संस्कृतकडे पाठ फिरवली नाही. तिथूनच निघून ते आपल्या माणसांपर्यंत आले. या अर्थाने पाहिले तर प्रस्थान म्हणजे माणसाबरोबर चालत राहणारे ते ठिकाण, जिथून त्याने पाऊल उचलले.

असे निघालेले दोघे मराठी लेखक डोळ्यांपुढे येतात. दिलीप चित्रे १९६०मध्ये, ऐन विशीत, इथिओपियात इंग्रजी शिकवायला गेले आणि तीन वर्षे तिथे राहिले. त्यांचा ‘कविता’ हा पहिला संग्रह त्याच वर्षीचा. पुढे ज्यांनी तुकोबांना इंग्रजीत नेले ते हेच चित्रे. ‘सेज तुका’ १९९१मध्ये आले. विलास सारंग सत्तरच्या दशकात इराकमधल्या बसरा विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करीत होते, आणि त्या वास्तव्यातून आलेली कादंबरी, ‘एन्कीच्या राज्यात’, मराठीत लिहिली गेली. दिवसभर फळ्यावर इंग्रजी लिहिणाऱ्या हातांनी एकाने तुकोबांचा ध्यास धरला आणि दुसऱ्याने सुमेरी देवाचे नाव मराठी पुस्तकाच्या कपाळी लावले. परदेशी इंग्रजी शिकवल्याने माणूस मराठीला अंतरतो असे म्हणणाऱ्यांनी या दोघांकडे थोडे शांतपणे पाहावे. ज्याने आपले प्रस्थान नीट ठेवले त्याला काहीही अंतरत नाही.

आता निघण्याचा रस्ता. यवतमाळहून नागपूरच्या विमानतळाकडे जाताना वाटेत कळंब लागते, आणि चिंतामणीला हात जोडल्याशिवाय पुढे जाणे आपल्याकडे कोणाच्या जिवाला रुचत नाही. तिथले देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते. आकाशात उडायला निघालेल्या माणसाने आधी खाली उतरावे, हा योग मला फार आवडतो. पण शिक्षक होऊन जाणाऱ्याने त्या पायऱ्यांवर मागायचे तरी काय? नोकरी टिकावी हे तो मागेलच, मागू द्या. त्याबरोबर एवढेही मागावे की तिथल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलात, जे उत्तर येत असूनही जीभ रेटत नाही म्हणून गप्प बसते, आपल्याला स्वतःचे पाचवीतले रूप ओळखू यावे.

आणि शेवटी मुदतीचे सांगितलेच पाहिजे, कारण प्रस्थान ठेवणारे ते बहुधा विसरतात. ठेवलेले प्रस्थान अनंत काळ चालत नाही. ठराविक दिवसांत माणूस निघाला नाही तर ते बाद होते आणि नवा मुहूर्त पाहावा लागतो. तयारीतच रमणारी पुष्कळ मंडळी मी पाहिली आहेत: एक अभ्यासक्रम झाला की दुसरा, एक परीक्षा झाली की तीच पुन्हा, आणि गाठोडे शेजाऱ्याच्या कोनाड्यात धूळ खात पडलेले. पोलिसांच्या दाखल्याला मुदत आहे, नेमणुकीच्या पत्रावर हजर होण्याची तारीख आहे, आणि शाळेचे सत्र कोणासाठी थांबत नाही. ती तारीख हुकली, तर पंचांग आणि अर्जाचा नमुना दोन्ही घेऊन पुन्हा पहिल्या रांगेत उभे राहावे लागते.